आंब्याच्या पेटीला वाट होती, आंबा काढणाऱ्याला नव्हती : साथ, बंद सीमा आणि कोकणातले नेपाळी

राखण_पावस (धागाकर्ता)

मार्च २०२०. कोरोनाची साथ पसरत होती. हापूस भरत आला होता, आगाप (लवकर तयार होणारा) आंबा वाशीच्या बाजाराला जायला लागला होता, आणि २३ मार्चला नेपाळने भारताकडची सीमा बंद केली. दुसऱ्या दिवशी त्यांची टाळेबंदी सुरू झाली, २५ पासून आपली. आपल्याकडे त्या पहिल्या बातमीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पण पावस, गणपतीपुळे, जयगड आणि तिकडे देवगड-विजयदुर्ग या पट्ट्यात बागेबागेत अशी माणसं होती, ज्यांच्यासाठी तीच सगळ्यात मोठी बातमी होती.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या बागांची राखण आज बहुतांशी नेपाळी करतात. वांदर हाकणं, गवत काढणं, फवारणीचे पाइप ओढणं, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवणं, पेट्या भरणं, सगळं त्यांच्याच हातात असतं. बरेचसे नेपाळच्या सुदूर पश्चिम भागातले, अछाम, डोटी, बाजुरा, कैलाली इकडचे. पावसाळा संपला की येतात, मे अखेरीला हंगाम आटोपला की जातात. रत्नागिरीहून रेल्वेने दिल्ली, तिथून बसने बनबसा, पूल ओलांडला की नेपाळ. काही जण बायकामुलांसह बागेतल्या खोपीत राहतात.

हे सगळं ज्यावर उभं आहे तो भारत-नेपाळ करार ३१ जुलै १९५० चा. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापारउदीम करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली आहे. पासपोर्ट नको, व्हिसा नको. करार अवघ्या दहा कलमांचा आहे. ही मोकळीक साथीत थांबवायची झाली तर कुणी, किती दिवस, आणि वाटेवर असलेल्या माणसाचं काय करायचं, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

म्हणून मार्चअखेरीला उत्तराखंडात, नेपाळच्या सीमेवरच्या धारचुल्यात जे झालं ते झालं. पलीकडच्या काठावर आपलं गाव दिसतंय, झुलता पूल बंद आहे, आणि माणसांनी महाकाली नदीत उड्या टाकल्या. पोहून पलीकडे पोचलेल्यांना त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी ताब्यात घेतलं. आपल्या घरी गेल्याबद्दल.

याच काळात सीमेवरून मालाचे ट्रक जात होते. आपल्याकडेही आंब्याच्या गाडीला पास मिळत होता. ती पेटी ज्याने भरली त्याला रत्नागिरी तालुक्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. श्रमिक रेल्वे १ मेपासून सुटल्या तेव्हा प्रत्येक राज्य आपापल्या माणसांच्या याद्या जुळवत होतं. नेपाळ कुठल्याच यादीतलं राज्य नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की साथ आली तर रस्ता अडवावा लागेल, पण घरी परतणाऱ्याची वाट कुठल्याही दोन शेजारी देशांनी पूर्ण बंद करू नये, आणि हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. ऐन साथीत कुणी लिहीत बसत नाही. तुमच्या भागात काय झालं ते लिहा. बंदराकडच्यांनी तर नक्की लिहा.


सुरमई

बंदराकडची मी. आमच्या दोन बोटी आहेत, तांडेल (बोटीचा प्रमुख) आमचा, बाकी खलाशी बहुतेक नेपाळी. तुम्ही बागेचं लिहिलंत. बागेत निदान खोप असते, विहीर असते. खलाशी बोटीवरच राहतो. टाळेबंदीत मासेमारी थांबली, लिलाव बंद, बर्फ नाही, आणि ही पोरं जेटीला लागलेल्या बोटींवर अडकली. गावात पाय ठेवला की लोक ओरडायचे. काही ठिकाणी पाणी भरायला सुद्धा ठरावीक वेळ दिली होती. त्यांच्यापैकी एकालाही ताप नव्हता, पण "बाहेरचा" म्हटलं की संपलं.

एरवी १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागायच्या आधी हिशोब होतो आणि माणसं गावाला जातात. त्या वर्षी हिशोब झाला पण जाणार कुठे? हातात पैसे घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि तेवढ्यात ३ जूनला निसर्ग वादळ. हर्णै, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन सगळं झोडपून निघालं. बोटी खाडीत आत नेऊन बांधल्या त्याही याच मुलांनी. त्यांना रात्री कुठे ठेवायचं यावर वाडीत वाद झाला, शेवटी शाळा उघडली. शाळेत आधीच मुंबईहून आलेल्यांचं विलगीकरण होतं. एका खोलीत ते, दुसऱ्या खोलीत हे, पत्रे उडालेले.

एक गोष्ट आवर्जून सांगते. त्यांची घरून फोनवर येणारी रड मी ऐकली आहे. भाषा अर्धी कळते, रडणं पूर्ण कळतं. एका मुलाची आई तिकडे आजारी होती. त्याला मिळालेलं उत्तर असं, की भारतातून बाहेर पडायला हरकत नाही, पण पलीकडे घेणार नाहीत. म्हणजे हक्क आहे आणि त्याचा उपयोग शून्य.


आरोग्यसेविका

मी उपकेंद्रावर काम करते. वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही यायला हवी.

कोकणातल्या गावांची रचना लक्षात घ्या. तरुण मुंबई-पुण्याला, गावात म्हातारी माणसं. साखर, रक्तदाब, दम्याचे रुग्ण घरटी. व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या ठिकाणी, तेही मोजके. सुरुवातीला तपासणीचे नमुने जिल्ह्याबाहेर जायचे आणि अहवाल यायला इतका वेळ लागायचा की माणूस तोवर अर्ध्या गावाला भेटून झालेला असायचा. अशा वेळी वाट अडवल्याने आम्हाला तयारीला वेळ मिळाला. खाटा लावल्या, ग्राम कृती दलं उभी राहिली, आशाताईंनी घरोघर तापमान मोजलं. तो वेळ मिळाला नसता तर पहिल्याच लाटेत वाड्याच्या वाड्या गेल्या असत्या असं मला आजही वाटतं.

त्यामुळे "मोकळीक हवी" हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुणाच्या जिवावर? जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला आणीबाणी जाहीर केली तेव्हा प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती, हे मला माहीत आहे. पण बंदी नको म्हणणाऱ्यांना आमच्या उपकेंद्रात एकच ऑक्सिमीटर आहे हे माहीत नव्हतं.


दोडामार्गवाला

आरोग्यसेविका ताई, तुमचं पटतं. पण सगळी वाट एकाच मापाने अडवली, तिथे त्रास झाला. आमची सीमा देशाची नाही, राज्याची आहे, तरी तसाच त्रास झाला म्हणून लिहितो.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, शिरोडा इथली पोरं रोज मोटरसायकलने गोव्यात कामाला जातात. म्हापसा, थिवी, वेर्णा, औषधांचे कारखाने, हॉटेलं. आजारी माणूस घेऊन आम्ही गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात धावतो, कारण ते जवळ आहे. लग्नसंबंध दोन्हीकडचे. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका आमच्यासाठी चहा प्यायची जागा. तो बंद झाला तेव्हा कळलं की आमची नोकरी एका राज्यात, घर दुसऱ्यात आणि दवाखाना परत पहिल्यात आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० मेपासून गोव्यात शिरायला ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. त्या वेळी गोव्यात माणसं ऑक्सिजनवाचून मरत होती, तेव्हा न्यायालयाला दोष देता येत नाही. पण रोज ये-जा करणाऱ्याने दर तीन दिवसांनी चाचणी कुठल्या पगारात करायची?

आमच्या आजोबांना ही सीमा खरोखर दोन देशांची म्हणून माहीत होती. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज. १५ ऑगस्ट १९५५ ला याच पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे भारताने नाकेबंदी केली तेव्हा अलीकडे आत्या आणि पलीकडे भाऊ अशी घरं वर्षानुवर्षं तुटून राहिली. म्हणून त्या नाक्यावर आडवा बांबू बघितला की आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या पोटात वेगळंच कालवतं.


काजूबी

वाचतेय. चाकरमान्यांचं पण कुणीतरी लिहा. २०२० च्या गणपतीला १२ ऑगस्टपर्यंत पोचलात तर दहा दिवस विलगीकरण, नंतर आलात तर चाचणी. आमच्या शेजारच्या काकांना वाडीनेच अडवलं. "माका माझ्याच घरात घेवक नाय" म्हणून अजून बोलतात. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. त्याच तारखेचं केंद्रीय गृहसचिवांचं पत्र आहे, की राज्याराज्यांत आणि राज्याच्या आत लोकांच्या प्रवासावर बंधन नको. महाराष्ट्रातला ई-पास २ सप्टेंबरला गेला. तोवर गणपती पाण्यात.


फणसगर

एक शंका. आपल्याला राज्यघटनेचं कलम १९ आहे, देशभर कुठेही फिरा. नेपाळी माणूस भारताचा नागरिक नाही. मग त्याचा हक्क कसला? करार म्हणजे दोन सरकारांमधला समजूतदारपणा. तो गरजेला थांबवला तर तक्रार कुठे करणार?


खटला_आणि_खाडी

फणसगर, योग्य जागी बोट ठेवलंत. जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर.

कलम १९(१)(ड) आणि (ई), म्हणजे भारतभर मोकळेपणाने संचार आणि कुठेही वास्तव्य, हे फक्त नागरिकांना. त्यावरही १९(५) प्रमाणे जनहितासाठी वाजवी बंधन घालता येतं. पण कलम १४ आणि २१ "व्यक्ती"ला आहेत. बागेतला नेपाळी आणि बोटीवरचा नेपाळी दोघंही त्यात येतात. त्यांना अन्न, निवारा, उपचार मिळणं ही मेहरबानी नव्हती.

तेव्हा लागू असलेला आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा एका राज्यात भरती करून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. नेपाळमधलं काठमांडू किंवा धनगढी हे आपलं राज्य नव्हे, त्यामुळे नेपाळी मजूर त्या चौकटीत बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ९ जून २०२० ला स्थलांतरितांना पंधरा दिवसांत गावी पोचवा असं सांगितलं, तेव्हाही मोजणी राज्यांच्या हिशोबाने झाली. धागाकर्त्यांनी यादीचं जे लिहिलंय त्याचं मूळ इथे आहे.

आता तक्रार कुठे करायची. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याचं कलम १२ पाहा. भारत आणि नेपाळ दोघांनी तो मान्य केलेला आहे. प्रत्येकाला कुठलाही देश सोडून जाण्याची मुभा, त्यावर आरोग्यासाठी मर्यादा घालता येते. पण स्वतःच्या देशात शिरण्याचा हक्क कुणाकडूनही मनमानीने हिरावता येत नाही, आणि त्या उपकलमात आरोग्याचा अपवाद लिहिलेलाच नाही. चाचणी करा, चौदा दिवस तंबूत ठेवा, पण आत घ्या. महाकालीच्या काठावर नेमकं हेच मोडलं. श्रीमंत देशांनीही मोडलं. ऑस्ट्रेलियाने मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना सुमारे दोन आठवडे बंदी घातली होती आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद सांगितली होती.

आपल्याकडे वापरला गेला तो साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळी घाईने केलेला. सरकारला काय करता येईल हे त्यात आहे. अडवलेल्या माणसाला काय मिळालं पाहिजे हे त्यात नाही.


घाटमाथा

भारत-नेपाळ खुली सीमा हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, त्यावर कुणी बोलत नाही. कोण आलं कोण गेलं याची नोंद नाही. साथीत तर नोंद नसणं म्हणजे रुग्णाचा माग काढणंच अशक्य. माझ्या मते ओळखपत्र आणि नोंद सक्तीची करावी. त्यात अपमान काही नाही.


राखण_पावस

घाटमाथा, नोंदीला माझा विरोध नाही. उलट नोंद असती तर २०२० मध्ये आम्ही सांगू शकलो असतो की अमुक तालुक्यात इतके नेपाळी आहेत, इतके बनबशाला जाणार, इतके रुपैडिहाच्या नाक्याला. दोन्ही देशांनी २०१६ मध्ये मान्यवरांचा एक गट नेमला होता, १९५० च्या करारासकट सगळ्या संबंधांचा फेरविचार करायला. २०१८ मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला आणि तसाच पडून राहिला. दोन वर्षांनी साथ आली.

आणि साथीत राजकारण कसं शिरतं तेही पाहा. मे २०२० मध्ये लिपुलेख खिंडीच्या (ती दोन्ही देश आपली म्हणतात) रस्त्यावरून वाद पेटला, नेपाळने नवा नकाशा काढला, आणि त्यांचे पंतप्रधान ओली संसदेत म्हणाले की भारतातून येणारा विषाणू जास्त घातक दिसतो. आमच्या बागेतल्या माणसांना त्या आठवड्यात दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. इथे ते परके, आणि तिकडे ते रोग आणणारे.


वेळणेश्वर_ते_ऱ्हाईन

मूळ गुहागर तालुका, आता दक्षिण जर्मनीत. इथलं थोडं लिहितो, कारण "लिहून ठेवा" या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

कॉन्स्टान्झ हे जर्मन शहर आणि क्रॉइत्सलिंगन हे स्विस शहर एकमेकांना चिकटून आहेत. मार्च २०२० मध्ये मधल्या हिरवळीवर कुंपण घातलं. लोक कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून हातात हात घेऊ लागले, तेव्हा थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण घातलं. लग्न झालेल्यांना ओलांडता येई, न झालेल्यांना नाही. मेच्या मध्यावर ती कुंपणं काढली. तिकडे पोलंडच्या सीमेवर रोज जर्मनीत कामाला जाणाऱ्यांनी एप्रिलमध्ये निदर्शनं केली. दोडामार्गवाल्यांनी जे लिहिलंय अगदी तेच त्यांचं म्हणणं होतं, नोकरी इकडे आणि घर तिकडे.

फरक एवढाच की इथे शेंगेन संहिता, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांमधल्या खुल्या सीमांचे नियम आहेत. अंतर्गत सीमेवर तपासणी कधी आणायची, किती काळ, कुणाला कळवायचं, हे त्यांत लिहिलंय. देशांनी ते अनेकदा वाकवलं. पण लिहिलेलं होतं म्हणून माणूस न्यायालयात जाऊ शकला. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या एका खटल्यात सांगितलं की त्याच कारणासाठी सहा महिन्यांपलीकडे तपासणी लांबवता येत नाही. आणि डिसेंबर २०२३ मध्ये बेल्जियमच्या प्रवासबंदीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असंही म्हटलं की साथीत अशी बंदी घालता येते, पण नियम स्पष्ट हवेत, भेदभाव नको आणि बंदी प्रमाणात हवी. म्हणजे आरोग्यसेविका ताईंचा मुद्दाही तिथे मान्य झाला.

मालाचं मात्र इथेही तेच. मालवाहू ट्रकला सीमेवर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नका अशी सूचना २३ मार्च २०२० लाच निघाली. आयर्लंड बेटावरची सीमा मात्र बंद झालीच नाही. तिथे सीमेच्या दोन्ही अंगांना रोज ये-जा करणारी माणसं इतकी आहेत की ती अडवायचा विचारही झेपणारा नव्हता.


खेडची_सून

आमच्या भागात घरटी एक माणूस कुवेत, सौदी, कतारला. आमचे हे सौदीला. सुट्टीवर आले आणि अडकले. २ फेब्रुवारी २०२१ ला सौदीने भारतासकट वीस देशांतून थेट येणं बंद केलं. नियम असा की मध्ये दुसऱ्या देशात चौदा दिवस काढा मग या. मग लोक दुबईला जाऊन राहिले, मालदीवला राहिले. ते महाग. एप्रिलमध्ये स्वस्त वाट निघाली ती कुठली? नेपाळ. काठमांडूला हॉटेलात चौदा दिवस, तिथून विमान.

आमच्या गावातून किती जण गेले. इकामा (सौदीतला राहण्याचा परवाना) संपत आलेला, मालक रोज फोन करतोय, दागिने गहाण टाकून एजंटला पैसे दिलेले. आणि २८ एप्रिलपासून नेपाळने परदेशी लोकांना काठमांडूहून पुढे जायला बंदी केली. मेच्या सुरुवातीला विमानंच थांबवली. इकडे दुसरी लाट, परत यावं तर भीती, पुढे जावं तर वाट नाही.

आमचे हे तिथे होते तेव्हा त्यांना हॉटेलात जेवण आणून देणारा मुलगा रत्नागिरीत बागेवर राहिलेला निघाला. मराठी बोलायचा. आदल्या वर्षी तो इकडे अडकला होता. त्याने यांना घरून मोहरीच्या तेलातलं लोणचं आणून दिलं आणि म्हणाला, "दादा, मला माहिती आहे कसं वाटतं." हे लिहिताना मला आजही भरून येतं. राखण_पावस, तुमच्या बागेतल्या लोकांना आमच्याकडून सलाम सांगा.


डेक_कॅडेट_नव्हे_आता

खेडच्या वहिनी, वाचून अंगावर काटा आला.

मी जहाजावर. आमच्या बाबतीत सीमा प्रत्येक बंदरात होती. माल उतरायचा, आम्हाला गॅंगवेच्या (जहाजाच्या जिन्याच्या) खाली उतरू देत नसत. २०२० च्या शेवटाकडे जगभर सुमारे चार लाख नाविक करार संपून जहाजावरच अडकले होते असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. नियमाने अकरा महिन्यांच्या वर सलग ठेवता येत नाही, तरी माणसं त्यापुढे राहिली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या किती घरांनी ते वर्ष व्हिडिओ कॉलवर काढलं. ज्या देशांनी नाविकांना लवकर अत्यावश्यक कामगार ठरवलं तिथे बदली झाली, बाकीच्यांकडे नाही. म्हणून यादीत नाव असणं किती मोठी गोष्ट आहे हे मी मनापासून सांगतो.


आरोग्यसेविका

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत ठाम आहे की साथीत प्रवासावर बंधन लागेल आणि लागलंच पाहिजे. पण घरी परतणाऱ्यासाठी सोय करता येते, ती आम्ही गावपातळीवर करून दाखवली आहे. शाळेत विलगीकरण केलं, जेवण गावाने दिलं, रोज तपासणी केली. चाकरमान्यांसाठी जे जमलं ते खलाशांसाठीही जमतं. त्यासाठी तीन गोष्टी आधी ठाऊक हव्यात : माणसं किती, जायचंय कुठे, आणि पलीकडे त्यांना ठेवून घ्यायला जागा आहे का. शेवटची गोष्ट दुसऱ्या देशाच्या हातात आहे, म्हणून ती करारात हवी.

सुरमई ताई, खलाशांची आरोग्य तपासणी ऑगस्टमध्ये बोटी निघण्याआधी जेटीवरच घ्यायची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला मच्छीमार सोसायटीच्या पत्राने विनंती करा. आमच्याकडे तसं केलं होतं. पत्रात माणसांची संख्या आणि जेटीचं नाव लिहा, म्हणजे पथक ठरवता येतं.


सुरमई

देते पत्र. सोसायटीच्या सभेत हा विषय घेते. आमच्याकडे खलाशांच्या ओळखपत्रांच्या प्रती मालकाकडे असतातच, कारण समुद्रात जाताना तपासणी होते. नाव, वय, फोटो असतो. नेपाळमधला जिल्हा आणि घरचा फोन मात्र कुणी लिहीत नाही.


राखण_पावस

तोच रकाना आम्ही यंदा वाढवतोय. आमच्या गावातले बागायतदार मिळून एक वही करतोय : नाव, नेपाळमधला जिल्हा आणि पालिका, कुठल्या नाक्याने ये-जा करतो, घरचा फोन, सोबत बायकामुलं किती. ऑक्टोबरपासून टोळ्या यायला लागतील तेव्हा भरायची, एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तलाठ्याकडे. माहिती त्यांच्या संमतीनेच घ्यायची आणि वही राखणीवाल्याच्या हजेरीला किंवा पगार अडवायला वापरायची नाही, हे पहिल्या पानावर नेपाळी आणि मराठी दोन्हीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेणार आहोत. खटला_आणि_खाडी, त्या पहिल्या पानाचा मजकूर तुम्ही तपासून द्याल का? देवगड आणि हर्णैकडच्यांना नमुना हवा असेल तर इथेच सांगा, इथेच टाकतो.


खटला_आणि_खाडी

देतो. आधार क्रमांक वहीत घेऊ नका, गरज नाही. आणि परतीचा रकाना वेगळा करा : जाण्याचा अंदाजे महिना. अडचण आली तर जिल्हाधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी लागणारी माहिती ती आहे. मजकूर रविवारपर्यंत टाकतो.